साखळी ऐकणारा माणूस

त्याला सगळे मूळपुरुष म्हणत. घराण्याचा मूळपुरुष वगैरे काही नव्हे. त्याच्या आधी घराण्यात चार पिढ्या होऊन गेल्या होत्या आणि नाव काढावं असं त्यांतल्या एकानंही काही केलेलं नव्हतं. हा जमिनीतून मुळं उपटायचा, एवढंच. दुसऱ्याच्या मुळावर उठणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण तोच ज्याचा धंदा आहे असा आमचा हा एकटाच, असं त्याचे टवाळ मित्र म्हणत. त्यावर तोही हसायचा. गेल्या वर्षभरात मात्र तो इतरांचं हसून झालं की मग हसायचा, आणि हे कुणाच्या फारसं लक्षात आलेलं नव्हतं.

झाड पाडणारे गल्लोगल्ली सापडतात. करवत चालवता आली की झालं. झाड कडाडून पडतं, पोरंटोरं टाळ्या पिटतात, पाडणारा चहा पितो आणि निघून जातो. मागे राहतं खोड. ते वाटेत असतं, पायाला लागतं, आणि चार महिन्यांनी त्याला पुन्हा हिरवे धुमारे फुटतात, जणू काही झालंच नाही. मग लोकांना मूळपुरुष आठवतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तो येई तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. ट्रॅक्टर कधीकाळी लाल होता. आता रंग कुठला आणि गंज कुठला हे नीट पाहिल्याशिवाय कळत नसे. स्टीअरिंगवर त्याची बायको. मागच्या ट्रॉलीत साखळ्या, पहारी, कुदळ, दोन हातकरवती, एका जुन्या ट्रकच्या चाकाची रिम, पाण्याचं पिंप आणि गोणपाटाची पोती. खाली उतरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असे.

"एवढं खाली कापायला कोणी सांगितलं होतं?"

त्याचं म्हणणं साधं होतं. झाड पाडायचं तर छातीएवढा बुंधा उभा ठेवा. त्याला वरून ओढलं की तो पहारीसारखा काम करतो आणि मुळं आपोआप उचकटतात. बुडाशी कापलंत तर धरायला काही उरत नाही. तीस वर्षं तो हे सांगत होता आणि तीस वर्षं लोक झाड बुडाशीच कापत होते. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा त्यानं चिडून ट्रॉलीच्या फळीवर रंगानं लिहिलं होतं, 'आधी विचारा, मग कापा.' ट्रॉली तर खोड ओढायच्या दिवशीच लोकांच्या दारात येणार, मग वाचणार कोण, असं बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं ते पुसून टाकलं.

कामाची पद्धत मात्र पक्की होती. आधी खोडाभोवती चर खणायचा. आडवी मुळं उघडी पडली की ती करवतीनं कापायची. साखळी बुंध्याला जितकी वर घालता येईल तितकी वर घालायची, पण ट्रॅक्टरला मात्र ती खालच्या हुकातच अडकवायची. वरच्या हुकात अडकवली तर खोड जागेवर राहतं आणि ट्रॅक्टरच पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. मग साखळीच्या मधोमध एक ओलं पोतं टाकायचं, कारण ताणलेली साखळी तुटली तर तिचं टोक ट्रॅक्टरच्या दिशेनं येतं. ओल्या पोत्याच्या वजनानं ते जमिनीवर आपटतं. आणि हे सगळं झालं की इंजिन पहिल्या गिअरमध्ये टाकून अगदी हळू, इंच इंच ओढायचं. एवढं कोणालाही शिकता येतं. पुढचं येत नाही. पुढचं काम ऐकण्याचं होतं.

मूळपुरुष खोडाच्या बाजूला दहा पावलांवर उभा राही, मान थोडी वाकडी करून. मूळ तुटतं तेव्हा जमिनीतून ढप्प असा जाड आवाज येतो. असे आवाज येत राहिले की काम नीट चाललंय. ढप्प थांबले आणि इंजिन घोगरं झालं, तर खाली एखादं मोठं मूळ अडून बसलंय. आणि तिसरा आवाज साखळीचा. कडी ताणाबाहेर जायला लागली की साखळी बारीक आवाजात किंचाळते. सुरुवातीला अगदी पातळ, मग धारदार. तो ऐकू आला की पंजा उभा करायचा, म्हणजे थांब. "साखळी दगा देत नाही," तो म्हणायचा. "सांगून तुटते. ऐकणारा पाहिजे."

हे वाक्य तो जरा छाती काढूनच म्हणे. म्हणू दे. आयुष्यात एकच गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा चांगली येते हे ज्याला कळलंय, त्याला एवढा तोरा शोभतो.

सुरुवातीला ट्रॅक्टर तोच चालवायचा. बायको जेवणाचा डबा घेऊन यायची आणि सावलीत बसून बघायची. एका आठवड्यात त्यानं तीन साखळ्या तोडल्या, कारण तो क्लच असा सोडायचा की ट्रॅक्टर बेडकासारखा उडी मारायचा. तिसरी साखळी तुटली तेव्हा ती डबा खाली ठेवून आली आणि म्हणाली, "उतरा खाली." तिच्या माहेरी ट्रॅक्टर होता. ती वर बसली, आणि क्लच असा सुटला की साखळी कधी ताणली गेली हे बघणाऱ्याला कळलंच नाही. त्या दिवसापासून तो खाली आणि ती वर. कानामागून आली आणि तिखट झाली, असं कोणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं, त्यावर तो म्हणाला, "होऊ दे की. साखळ्या तरी वाचल्या." एकोणतीस वर्षं झाली त्याला.

इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग नसे, म्हणून सगळं हातानं. बोटं आपल्याकडे वळवली की ओढ. मूठ म्हणजे ताण तसाच धरून ठेव. दोन बोटं म्हणजे थोडं सैल सोड. पंजा म्हणजे थांब, लगेच थांब. या खुणा हळूहळू घरातही शिरल्या. जेवताना पुरे म्हणायचं तर पंजा, भाजी अर्धी वाढ म्हणायचं तर दोन बोटं. त्यांच्या मुलीला दहा वर्षांची होईपर्यंत वाटायचं की सगळ्यांच्याच घरात असंच जेवतात.

साखळीनं पहिल्यांदा न सांगता दगा दिला तो गेल्या वर्षी, एका जुन्या फळबागेत. ओळीनं वठलेली झाडं होती. सातव्या खोडाला साखळी तुटली, पोत्यासकट मातीत आपटली, कोणाला काही झालं नाही. त्यानं साखळी बनवणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि नवी आणली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका कामावर बायकोनं आपणहून गिअर काढला तेव्हा बांधावर बसलेला एक मजूर म्हणाला, "काका, केवढी ओरडत होती हो साखळी! दात शिवशिवले माझे."

मूळपुरुष त्याच्याकडे बघत राहिला. त्याला काही म्हणता काही ऐकू आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बोल्ट आणायला जातो असं सांगून कानाच्या डॉक्टरकडे गेला. एका कपाटाएवढ्या खोलीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून, हातात एक बटण देण्यात आलं. आवाज आला की दाबायचं. थोडा वेळ त्यानं प्रामाणिकपणे दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना, तेव्हा त्याला शंका आली की आपण नापास होतोय, आणि तो अंदाजानं दाबायला लागला. काचेपलीकडून डॉक्टर हसत म्हणाला, "काका, मशीन मी केव्हाच बंद केलंय." जाड आवाज ठीक आहेत, बारीक गेलेत, असं तो म्हणाला. इतकी वर्षं इंजिनाशेजारी काढलीत, दुसरं काय होणार? यंत्र लावता येईल, बोलणं जरा स्पष्ट ऐकू येईल, पण घरघरत्या इंजिनाशेजारी ते किती कामाला येईल हे सांगता येत नाही. मूळपुरुषानं तो कागद बसथांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात फाडून टाकला.

"बोल्ट कुठंत?" बायकोनं विचारलं.

"मिळाले नाहीत," तो म्हणाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हे त्यालाही कळत होतं; तो मूर्ख नव्हता. चूक झाली तर तुटक्या साखळीचं टोक कोणाच्या मानेकडे जाणार हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्याच धंद्यातल्या एकाचा जबडा त्यानं फडक्यात बांधलेला पाहिला होता. रात्री झोपताना तो ठरवायचा की उद्या सांगू. सकाळी ती ट्रॅक्टरवर चढायची, इंजिन सुरू व्हायचं, आणि ते राहून जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर आत काय निघणार? साखळ्या उचलणारा एक बासष्ट वर्षांचा म्हातारा. साखळ्या तर कोणीही उचलतो. त्याला खरोखर भीती वाटत होती, आणि ती मरणाची नव्हती, बिनकामाचं होण्याची होती. बायकोच्या मानेपुढे ही भीती किती क्षुद्र आहे हेही त्याला समजत होतं, म्हणून तो स्वतःवर चिडायचा, आणि ती चीड दुसऱ्यांवर काढायचा.

त्यानं उपाय शोधले. एकाऐवजी दोन पोती टाकायला लागला. ओढ सुरू व्हायच्या आधी चपला काढून अनवाणी उभा राहायला लागला, कारण मुळांचे ढप्प तळव्यांना कळायचे. लोकांना वाटलं, झाडाविषयीचा आदर. एका शिक्षिकेनं तर आपल्या वर्गातल्या मुलांना त्याचं उदाहरण दिलं. साखळीचं किंचाळणं तळव्यांना कळत नव्हतं, हे त्या बाईला कोण सांगणार?

घरात निभत होतं. मुलगी लांब राहायची. तिची सहा वर्षांची लेक फोनवर बोलायची. पोरीचा आवाज आधीच बारीक. त्याला तो कुठल्याकुठे भुरभुरत गेलेला ऐकू यायचा, म्हणून तो सगळ्याला "हो हो, नक्की!" म्हणायचा. एकदा पोर फोन टाकून रडत आईकडे गेली. तिनं विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

तुतीचं खोड आलं ते एका सुताराकडून. सुताराला घरामागच्या शेडला लागून आणखी एक शेड घालायची होती, आणि बरोबर मधोमध तुतीचं जुनं झाड होतं. त्यानं ते स्वतःच पाडलं, आणि सुतारच तो, लाकडाचा एक इंच सोडवेना. जमिनीपासून चार बोटं वर कापलं होतं. वरून तासून गुळगुळीतही केलं होतं, बसायला स्टूल करावं तसं.

मूळपुरुषानं खोडावरून तळवा फिरवला. "पॉलिश राहिलं," तो म्हणाला.

"काका, लाकूड काय सुरेख निघालं माहितीये?" सुतार उत्साहानं म्हणाला. "पिवळंधमक. वाया कशाला घालवायचं?"

"मग आता हे दातांनी उपटा."

पण काम तर करायचंच होतं. सकाळभर तो आणि सुतार खणत होते. तुतीची मुळं बाहेरून नारिंगी असतात, मातीत ती उघडी पडली की कोणीतरी जाड दोऱ्या पुरून ठेवल्यात असं वाटतं. एक शेडकडे, एक कुंपणाकडे, दोन घराच्या भिंतीकडे. त्यानं ती एकेक करून कापली. धरायला बुंधा नव्हता, म्हणून रिमचा प्रयोग करावा लागणार होता. खोडाच्या पलीकडच्या बाजूनं साखळी खालून घालायची, खोडाला टेकवून रिम उभी करायची, तिच्यावरून साखळी घ्यायची आणि मग ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर ओढतो पुढे, पण रिम फिरते आणि ओढ वर लागते, दात उपटावा तशी. युक्ती चांगली, फक्त यात साखळीवर ताण फार येतो, आणि ती रिमवरून उतरती येते म्हणून पोती सरकून खाली पडतात. त्यानं पोती दोनदा टाकली. दोन्ही वेळा ती सरकली. शेवटी त्यानं एक दोरीनं बांधलं, तेही धड बसलं नाही.

बायको वर जाऊन बसली. बसल्या बसल्या तिनं सुताराला हाक मारली. "दादा, तुम्ही तिकडे उभे राहा. त्या पिंपाजवळ. दिसेल नीट."

"मी इथंच बरा आहे, काकू."

"नाही, पिंपाजवळ," ती म्हणाली. सुतार गेला.

मूळपुरुषानं चपला काढल्या आणि बोटं वळवली. ओढ.

ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीत रुतली, रिम हलली. तळव्यांखाली एक ढप्प. मग दुसरा. खोडाच्या एका बाजूला मातीत केसाएवढी भेग पडली आणि ती रुंद व्हायला लागली. मूळपुरुषाच्या अंगात ऊब आली. असं काही झालं की त्याला अजून तीस वर्षांचं झाल्यासारखं वाटायचं. तिसरा ढप्प आला नाही. त्यानं वाट पाहिली. काही नाही. पण भेग होती, खोड येत होतं, आता सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानं जोरात बोटं वळवली. ओढ, ओढ.

बायकोनं क्लच दाबला. ताण गेला, खोड परत खड्ड्यात बसलं, आणि तिनं इंजिनच बंद केलं.

"कोणी सांगितलं थांबायला?" तो ओरडला. "येत होतं ना! हात दिसत नाही का तुला? आंधळी झालीस का?"

इतकं तो तिला कधी बोलला नव्हता, तेही परक्या माणसासमोर. सुतार पिंपाजवळ अवघडून उभा होता. त्याचे दोन्ही हात अजून कानांवर होते.

ती उतरली. साखळीपाशी गेली, अर्धवट लोंबणारं पोतं बाजूला केलं, आणि एक कडी उचलून त्याच्यापुढे धरली. कडीचा सांधा उघडला होता. फटीत नख सहज गेलं असतं.

"काय किंचाळली हो," सुतार हात खाली घेत म्हणाला. "शेजारचा कुत्रा पळाला. मला वाटलं, तुम्हाला सवय असेल."

मूळपुरुषानं कडी हातात घेतली. ती गरम होती. हाताच्या काकणाला आरसा कशाला? तो रचलेल्या फळ्यांवर जाऊन बसला. त्यानं एकदा साखळीच्या वाटेकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरच्या सीटकडे, आणि सीटच्या पाठीवर जिथं तिची मान येते तिथं त्याची नजर थांबली.

चांगला माणूस होता सुतार. चहा टाकतो म्हणून आत निघून गेला.

ती शेजारी येऊन बसली. त्याच्या तोंडाकडे तोंड करून बसली, आणि अलीकडे ती नेहमी तशीच बसते हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"मला ऐकू आलं नाही," असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "तुला वरून ऐकू येतं?"

"इंजिनावर बसून काय ऐकू येणार?"

"मग कळलं कसं?"

ती पदरानं हात पुसत राहिली. "गेलं वर्षभर मी तुमच्या हाताकडे बघतच नाही," ती म्हणाली. "जो कोणी बघायला उभा असतो, त्याच्या तोंडाकडे बघते. साखळी ओरडायला लागली की माणूस तोंड वाकडं करतो. आवळा खाल्ल्यासारखं. मग मी थांबते."

त्याला वर्षभरातलं एकेक काम आठवायला लागलं. फळबागेनंतरचं प्रत्येक ठिकाण. तिनं घरमालकाला बोलावून समोर उभं केलेलं. घरात कोणी नसेल तर शेजारणीला हाक मारलेली. 'या ना, गंमत बघा,' म्हणून रस्त्यावरच्या पोस्टमनलाही थांबवलेलं. त्याला वाटायचं, बायकोला वय झालं तसं माणसांचं वेड लागलंय. एकदा तो तिला त्यावरून बोललाही होता, तमाशा आहे का हा म्हणून.

"आणि कोणी नसेल तर?"

"तर मी म्हणते, डिझेल संपत आलंय. आज नको."

खरंच, दोनदा असं झालं होतं. तो तिच्यावर चिडला होता, डिझेल बघून निघता येत नाही का म्हणून.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"शंका फळबागेतच आली होती. खात्री झाली ती बोल्ट मिळाले नाहीत तेव्हा. बोल्टांचा डबा भरलेला होता हो. मीच भरला होता."

"मग बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "एक कडी तुटली असती तर? एखाद्याला तोंड वाकडं करायला उशीर झाला असता तर? तुझी मान होती तिथं!"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "आज सांगतील, उद्या सांगतील. मीच विषय काढला असता तर तुम्ही कानांवर हात ठेवले असते. मग पुढे आयुष्यभर खोटं बोलत बसला असतात माझ्याशी."

तो रडला. मोठ्यानं नाही. मातीच्या हातांनी डोळे पुसले आणि डोळ्यांत माती गेली, म्हणून आणखी पाणी आलं. ती तिथंच बसून होती. सुतारानं चहा आणला, दोघांच्या मध्ये फळीवर ठेवला आणि पुन्हा काहीतरी आठवल्यासारखं करून आत गेला.

चहा झाल्यावर मूळपुरुष उठला, खड्ड्यात उतरला आणि पोटावर झोपून हातानं माती काढायला लागला. भिंतीकडे जाणाऱ्या दोन मुळांच्या खाली, हातभर खोल, आणखी एक होतं. मनगटापेक्षा जाड, नारिंगी, तारेसारखं ताठ. तिसरा ढप्प आला नाही तो याच्यामुळे. ते सरळ घराच्या पायाखाली गेलं होतं. आणखी ओढलं असतं तर साखळी तुटली असती, नाहीतर सुताराच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला असता. त्यानं ते करवतीनं कापलं. अर्धा तास लागला. शेजारी आणखी एक असण्याचा संभव होता, पण तिथं हात पोचत नव्हता.

मग त्यानं ट्रॉलीतून दुसरी, जाड साखळी काढली. खोडाखालून घातली, रिमवरून आणली, खालच्या हुकात अडकवली. पोतं या वेळी बायकोनं तारेनं बांधलं आणि ते बसलं.

"तू खाली उभी राहा," तो म्हणाला. "मी वर बसतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "क्लच?"

"हळू सोडीन."

"बेडूक नको."

"म्हटलं ना, हळू."

वर बसल्यावर त्यानं आधी आरसा नीट केला, मग सीट पुढे घेतली, मग उगाचच गिअर हलवून पाहिला. एकोणतीस वर्षांत तो इथं खोड ओढायला बसला नव्हता. मान वळवून त्यानं मागे पाहिलं, आणि साखळी सरळ आपल्याकडे येताना दिसली. खालून बघताना ती नेहमी आडवी दिसायची, डावीकडून उजवीकडे जाणारी एक वस्तू. इथून ती अंगावर येत होती. त्याची मान एकदम उघडी वाटायला लागली आणि त्यानं नकळत कॉलर वर केली. ही बाई रोज इथं बसत होती, आणि वर्षभर परक्यांच्या चेहऱ्यांवर भरवसा ठेवून बसत होती.

ती खोडाच्या बाजूला दहा पावलांवर उभी राहिली. तिनं बोटं वळवली.

त्यानं क्लच सोडला. अगदी बेडूक नाही, पण ट्रॅक्टरनं एक गचका दिलाच. तिनं डोळे मिटून उघडले, आणि पुन्हा बोटं वळवली. साखळी ताणली गेली. सीटमधून त्याला एक जाड हिसका जाणवला, मूळ असावं. रिम फिरली. खोड तिरपं झालं, खालून काळी ओली माती दिसली, वीतभर फट पडली. आलं. आता आलंच. हाताखालून हजारो खोडं गेलेला माणूस होता तो, आणि त्याच्या अंगातला कण न् कण सांगत होता की आणखी एक ओढ, फक्त एक.

तिनं पंजा उभा केला.

त्यानं कान टवकारले. इंजिनाची घरघर, बस. साखळी सरळ होती, रिम जागेवर होती, कुठं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. पिंपाजवळ सुतार होता, पण त्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यानं क्लच दाबला.

ताण उतरला. इंजिन बंद केलं. ती साखळीला वळसा घालून ट्रॅक्टरपाशी आली.

"ओरडली?" त्यानं विचारलं.

"हो. खाली अजून एक आहे बहुतेक. कापायला लागेल."

तो सीटवरच बसून राहिला. "कशी ओरडते?" त्यानं विचारलं. "तू तर पहिल्यांदाच ऐकलीस ना तिथून?"

तिनं विचार केला. सुतार बघतोय का हे पाहिलं. तो कुदळ आणायला वळला होता. मग तिनं ओठांचा चंबू केला, मान थोडी ताणली आणि साखळीसारखा आवाज काढला. तिच्या गळ्याची शीर वर आलेली त्याला दिसली. सुतारानं दचकून मागे पाहिलेलं दिसलं. तिचे ओठ बराच वेळ तसेच होते.

तिनं विचारल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान सवयीनं हलायला लागली होती. 'हो हो' तोंडापर्यंत आलं होतं.

"नाही ऐकू आलं," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. खड्ड्यात उतरून तिनं आणि सुतारानं ते शेवटचं मूळ शोधून कापलं. मग साखळीची कडी न् कडी तिनं हातानं चाचपून पाहिली आणि जाऊन आपल्या जागी उभी राहिली. त्यानं इंजिन सुरू केलं आणि मान वळवून तिच्या हाताकडे बघत राहिला.